बरी झालेली मुले

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या वेळी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथील एक जोडपे विवाहाची नोंदणी करण्यासाठी चर्चच्या कचेरीत आले. मुलगी शिकलेली, हसतमुख, गायनवृंदात गाणारी. कागदपत्रे झाली, कोणत्या रविवारी चिठ्ठ्या वाचायच्या ते ठरले. संध्याकाळी रोझरीनंतर मुलीची आई एकटीच परत आली. बराच वेळ ती इकडचेतिकडचे बोलत राहिली आणि मग म्हणाली, "फादर, एक विचारायचं होतं. पोरीला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. ती बरी झाली. पण तिला ते ठाऊक नाही."

तीन वर्षे मुंबईच्या वाऱ्या झाल्या होत्या. शेजारीपाजारी, नातलग, शाळेतल्या बाई, सर्वांना 'बिघडलेली कावीळ' असे सांगण्यात आले होते. मुलीलाही तेच. डोक्यावरचे केस गेले ते तापामुळे, अशी तिची समजूत. पुढे 'आता काळजीचे कारण नाही' असे डॉक्टरांनी सांगितले, त्या संध्याकाळी वडिलांनी उपचारांची सगळी फाइल पाणी तापवायच्या बंबात घातली. घरातून तो रोग असा कायमचा निघून गेला.

"आता जावयाला सांगावं का, फादर?"

आम्ही काय उत्तर दिले ते लिहिताना संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, "झाले ते झाले. देवाने मुलीला बरे केले, त्याचे आभार माना आणि आनंदाने लग्न लावा." त्या बाईंचा चेहरा उजळला. त्या वेळी आम्हांला ते उत्तर करुणेचे वाटले होते.

लग्नाला दीड वर्ष झाले असेल. मुलीला सातवा महिना लागला आणि तिला जिना चढवेना, रात्री आडवे पडवेना. गरोदरपणात असे होतेच, म्हणून पहिले काही दिवस गेले. मग एका पहाटे तिला इस्पितळात हलवले. हृदयाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी नवऱ्याला विचारले, "लहानपणी यांना काही मोठे आजारपण? काही जबर औषधे?" नवरा म्हणाला, "कावीळ झाली होती." त्याने खरे तेच सांगितले होते, त्याला तेवढेच माहीत होते. शेवटी आईने बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांचा हात धरला. औषधाचे नाव तिला आठवेना. मात्रा तर कधी माहीतच नव्हती. एवढेच आठवत होते की एक लाल रंगाचे इंजेक्शन असायचे आणि ते दिले की पोरीची लघवी लाल व्हायची. डॉक्टरांना तेवढे पुरले.

आई व बाळ दोघेही वाचले. परंतु त्यानंतर आम्हांला स्वस्थ बसवेना. लाल रंगाच्या त्या औषधाचे वीस वर्षांनी काय होते, हे कोणाला माहीत होते, केव्हापासून माहीत होते, आणि आम्हां सामान्य माणसांपर्यंत ते का पोहोचले नाही? आम्ही वैद्य नाही. मिळेल ते वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो. त्यातून जो इतिहास हाती लागला तो वाचकांपुढे ठेवतो.

*

हा इतिहास फार जुना नाही. इ. स. १९४७ पर्यंत रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, झालेले मूल काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत जात असे. बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. मृत मुलांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे त्यांचे काम. फॉलिक आम्ल रोखणारे द्रव्य दिले तर या पेशींची वाढ थांबेल, असे त्यांना वाटले. ते द्रव्य, अमिनोप्टेरिन, त्यांना पुरवले लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेने, आणि त्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळा मुलांपैकी दहांमध्ये रोग काही काळ मागे हटला होता. काही काळच, पण तोपर्यंत तेवढेही कोणी पाहिले नव्हते. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. आपल्या देशात त्यांचे नाव किती जणांस ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही येथे विचारून ठेवतो आणि पुढे जातो.

त्याच वर्षी, २२ मे रोजी, अमेरिकेत एक रेडिओ कार्यक्रम झाला. मेन राज्यातील बटाट्याच्या शेतांच्या भागातून आलेला एक बारा वर्षांचा मुलगा फार्बर यांच्या रुग्णालयात होता. त्याच्या पोटात कर्करोगाची गाठ होती. त्याचे खरे नाव झाकण्यासाठी त्याला 'जिमी' म्हटले गेले. निवेदक त्याच्याशी बेसबॉलच्या गप्पा मारत असताना बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाचे खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत शिरले. मुलाला खेळ पाहायला टेलिव्हिजन हवा होता. वीस हजार डॉलर जमले तर तो द्यायचा असे ठरले होते. प्रत्यक्षात दोन लाखांहून अधिक जमले. 'जिमी फंड' या नावाने ती मदत पुढे अनेक दशके चालू राहिली आणि आजही चालू आहे.

आणि जिमी? तो काही दिवसांनी घरी गेला. पुढे त्याचे काय झाले याची लोकांना वार्ता नव्हती. त्या काळी अशा मुलांचे जे होत असे तेच झाले असणार, असे सर्वांनी गृहीत धरले. निधी गोळा होत राहिला, इमारती उठल्या, १९७३ मध्ये फार्बर वारले. आणि १९९८ साली, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी, जिमी जगापुढे आला. आयनर गुस्टाफसन हे त्याचे खरे नाव. तो मालमोटार चालवीत असे. तीन मुलींचा बाप, नातवंडांचा आजोबा. त्याच्या बहिणीने आदल्या वर्षी पत्र लिहून कळवले होते की तुमचा जिमी जिवंत आहे. एवढी वर्षे त्याने स्वतः होऊन काही सांगितले नाही आणि कोणी येऊन विचारलेही नाही. जानेवारी २००१ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

ही गोष्ट अमेरिकेत आनंदाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. आम्ही ती वाचली तेव्हा मात्र आमच्या मनात दुसराच विचार आला. ज्या मुलाच्या नावावर एवढा मोठा निधी उभा राहिला, तो जिवंत आहे की नाही हेच पन्नास वर्षे जगाला माहीत नव्हते. बऱ्या झालेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्नच त्या काळी कोणाला पडत नव्हता. मूल वाचत नसे. मग वाचलेल्याची विचारपूस कोण करणार?

*

वाचणाऱ्यांची संख्या वाढू लागली ती मेम्फिस या शहरातून. त्यामागे आपल्याला जवळची वाटेल अशी एक कथा आहे. लेबनॉनमधून आलेल्या मारोनाइट कॅथोलिक कुटुंबातील डॅनी थॉमस हा विनोदी नट उमेदवारीच्या काळात अगदी कफल्लक होता. बायको बाळंत व्हायची होती, इस्पितळाचे बिल द्यायला पैसे नव्हते. डेट्रॉइटमधील एका चर्चमध्ये त्याने संत ज्यूड थॅडियसला नवस केला की मला वाट दाखव, मी तुझे एक तीर्थ उभारीन. पुढे त्याला नाव आणि पैसा दोन्ही मिळाले. नवस फेडण्याची वेळ आली तेव्हा शिकागोचे कार्डिनल सॅम्युएल स्ट्रिच यांनी त्याला मेम्फिस शहर सुचवले. तरुणपणी त्यांनी तेथे धर्मगुरू म्हणून काम केले होते. ४ फेब्रुवारी १९६२ रोजी तेथे सेंट ज्यूड बालसंशोधन रुग्णालय उघडले. आईबापांना बिल द्यावे लागणार नाही आणि काळ्या-गोऱ्या मुलांत भेद होणार नाही, असा तेथील दंडक होता. दक्षिणेकडील त्या शहरात, त्या काळात, ही लहान गोष्ट नव्हती.

या रुग्णालयाचे पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल. तरुणपणी त्यांना स्वतःला पोलिओ झाला होता. ल्युकेमियाची मुले औषधांनी बरी होत आणि काही महिन्यांनी रोग मेंदूभोवतीच्या आवरणातून उलटत असे, कारण रक्तातील औषध तेथे पोहोचत नसे. रोग तेथे दिसण्याची वाट न पाहता आधीच डोक्यावर किरणोपचार करायचे आणि पाठीच्या कण्यातून औषध द्यायचे, असे पिंकेल यांनी ठरवले. अनेक औषधे एकत्र, दोन-तीन वर्षे सतत. त्याला त्यांनी 'संपूर्ण उपचार' असे नाव दिले. १९७० च्या सुमारास ते सांगू शकले की ल्युकेमियाची निम्मी मुले बरी होऊ शकतील. अनेकांचा प्रथम विश्वास बसला नाही.

येथपर्यंतचा इतिहास विजयाचा आहे आणि तो पुष्कळ ठिकाणी लिहिलेला आहे. पुढचा भाग तितका प्रसिद्ध नाही.

ती मुले शाळेत जाऊ लागली. काहींना गणित जमेना. काहींची उंची खुंटली. फळ्यावरचे लिहून घेईपर्यंत बाई पुढच्या ओळीवर गेलेल्या असत. वाढत्या मेंदूवर पडलेल्या किरणांनी रोग मारला होता, पण जाताना आपली खूण ठेवली होती. डॉक्टरांनी हे ओळखले आणि किरणांची मात्रा हळूहळू कमी करीत नेली. शेवटी त्याच मेम्फिसमध्ये, २००० ते २००७ या काळातील एका अभ्यासात, एकाही मुलाच्या डोक्यावर प्रतिबंधक किरणोपचार न करता औषधांच्या बळावर उपचार झाले. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण शेकडा ९० च्या वर होते. ज्या उपायाने पहिल्या पिढीला वाचवले, तोच टाकून देण्यास साधारण चाळीस वर्षे लागली. पहिल्या पिढीतील मुलांनी ती किंमत आधीच मोजलेली होती.

१९७५ साली डॉ. ज्युलिओ डँजिओ या अमेरिकी किरणोपचारतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. त्याचा आशय एवढाच होता की मूल बरे करणे पुरेसे नाही. आज हे कोणीही म्हणेल. परंतु ज्या काळात निम्मी मुले मरत होती त्या काळात असे म्हणायला धैर्य लागते. आई-बाप तर त्या वेळी फक्त एवढेच मागत असतात की पोर जगू दे. त्यांच्या वतीने पुढच्या पन्नास वर्षांची चिंता करणारा कोणी तरी असावा लागतो.

आता त्या लाल औषधाकडे वळू. इटलीच्या दक्षिणेस अपुलिया प्रांतात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात बांधलेला एक अष्टकोनी किल्ला आहे, कास्तेल देल मोन्ते. त्याच्या परिसरातील मातीत १९५० च्या दशकात इटालियन संशोधकांना एक जंतू सापडला. तो लाल रंगाचे द्रव्य तयार करीत असे. त्यातून डॉनोरुबिसिन आणि पुढे डॉक्सोरुबिसिन ही औषधे निघाली. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून दुसऱ्या औषधाला 'एड्रियामायसिन' हे व्यापारी नाव मिळाले. ल्युकेमिया, हाडांचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग, अशा अनेक रोगांवर ही औषधे अजूनही वापरली जातात, कारण ती अत्यंत गुणकारी आहेत. परंतु ती हृदयाच्या स्नायूलाही इजा करतात. एकूण मात्रा जितकी जास्त, तितका धोका जास्त. मूल लहान असताना हे दिसत नाही. हृदय कमी स्नायूंवर काम भागवून नेते आणि वर्षानुवर्षे कोणाला काही कळत नाही. मग एखादे दिवशी त्याच्यावर जादा भार येतो. गरोदरपण हा असाच एक भार. बॉस्टनच्या डॉक्टरांनी ल्युकेमियातून वाचलेल्या मुलांच्या हृदयांची तपासणी करून १९९१ साली हे स्पष्ट मांडले होते.

म्हणजे आमच्या मुलीला ते औषध मिळाले, त्या सुमारासच ही गोष्ट जगाला ठाऊक झाली होती. तिच्या डॉक्टरांनी पुढील तपासण्यांविषयी काही सांगितले होते की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. सांगितले असले तरी ते फाइलीत असणार, आणि फाइल बंबात गेली होती.

*

विखुरलेली निरीक्षणे एकत्र आली ती १९९४ नंतर. त्या वर्षी लेस्ली रॉबिसन यांच्या नेतृत्वाखाली उत्तर अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून बालपणीच्या कर्करोगातून वाचलेल्यांना शोधून काढण्याचे काम सुरू केले. १९७० नंतर रोगनिदान झालेली आणि पाच वर्षे पार केलेली ही मुले आता मोठी झाली होती, पत्ते बदलले होते, मुलींची आडनावे बदलली होती. त्यांना एकेक करून हुडकले, आणि तुलनेसाठी त्यांच्या सख्ख्या भावंडांनाही विचारले. २००६ साली निष्कर्ष आले. १०,३९७ जणांपैकी शेकडा ६२ जणांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार होता. शेकडा २७ हून अधिकांचा आजार गंभीर किंवा जिवावर बेतणारा होता. त्यांचे सरासरी वय होते अवघे सव्वीस-सत्तावीस. हृदयरोग, मूत्रपिंडाचे विकार, अंतःस्रावी ग्रंथींचे विकार, ऐकू कमी येणे, वंध्यत्व, आणि दुसराच एखादा कर्करोग. छातीवर किरणोपचार झालेल्या मुलींना तरुण वयातच स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका किती वाढतो, हे डॉ. स्मिता भाटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी दहा वर्षे, १९९६ साली, दाखवून दिले होते. अशा मुलींची तपासणी इतर स्त्रियांपेक्षा पुष्कळ आधी सुरू करावी लागते. ज्या मुलीला आपल्या छातीवर किरण पडले होते हेच माहीत नाही, ती तपासणीला कशी जाणार?

हे आकडे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. त्याच अभ्यासगटाने २०१६ मध्ये चौतीस हजारांहून अधिक जणांची माहिती प्रसिद्ध केली. १९७० च्या दशकाच्या आरंभी रोग झालेल्या आणि पाच वर्षे पार केलेल्या मुलांपैकी शेकडा १२.४ पुढील पंधरा वर्षांत दगावली होती. १९९० च्या दशकातील मुलांत हे प्रमाण ६ वर आले. मात्रा कमी केल्या, किरण टाळले, तपासण्या वेळेवर केल्या, त्याचे हे फळ. शिवाय आजार असणे म्हणजे आयुष्य वाया जाणे असेही नाही. यांतील पुष्कळजण नोकऱ्या करतात, संसार करतात, मुले वाढवतात. मानसशास्त्रज्ञांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली आहे. त्या काळातील भीतीची वाईट स्वप्ने, इस्पितळाचा वास आला तरी जीव घाबरा होणे, हे बऱ्या झालेल्या मुलांपेक्षा त्यांच्या आईबापांत अधिक आढळते. मूल विसरून जाते. आई विसरत नाही. हे वाचले तेव्हा बंबात फाइल घालणाऱ्या त्या बापाकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. त्याला अडाणी म्हणणे सोपे होते. खरे म्हणजे त्या घरात मुलगी बरी झाली होती; तो बरा झालेला नव्हता.

*

परळचे टाटा रुग्णालय आपल्याकडच्या कोणत्या घराला माहीत नाही? सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानेच वारल्या, आणि दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उभे केले. मुलांच्या ल्युकेमियावर मात्र तेथेही दीर्घकाळ फारसे यश नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथे एकच उपचारपद्धती सुरू झाली. 'एमसीपी ८४१' हे तिचे रूक्ष नाव. मुंबईत हे काम करणाऱ्यांत डॉ. सुरेश अडवाणी होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकांच्या खुर्चीवरूनच रुग्णांना तपासत असत. मेम्फिसला पिंकेल आणि परळला अडवाणी, दोघांनाही पोलिओने गाठलेले असावे हा योगायोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटतो. या पद्धतीमुळे आपल्याकडेही निम्म्याहून अधिक मुले वाचू लागली.

आणि १९९१ साली टाटा रुग्णालयात एक वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. डॉ. पूर्णा कुरकुरे यांचा त्यात पुढाकार होता. उपचार संपून दोन वर्षे झालेल्या, रोगाची खूण न राहिलेल्या मुलांनी तेथे यायचे. 'उपचार संपल्यानंतरचा दवाखाना' असेच त्याचे नाव. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'ॲक्ट' म्हणून तो ओळखला जातो. उंची, वजन, हृदय, यकृत, अभ्यास, मन, लग्न, सगळ्याची विचारपूस. आपल्याकडच्या मुलांत पश्चिमेकडे तितकी न आढळणारी एक गोष्टही तेथे दिसली. उपचारांच्या काळात वारंवार रक्त द्यावे लागे आणि जुन्या काळी त्याची तपासणी आजच्याइतकी कसून होत नसे. त्यामुळे काहींना यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंची लागण झाली होती. आमच्या मुलीच्या आईबापांनी शेजाऱ्यांना सांगितलेली 'कावीळ' काहींच्या बाबतीत खरीच ठरली, असे म्हणावे लागते.

बऱ्या झालेल्या तरुणांनी २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली 'उगम' नावाचा आपला गट स्थापन केला. ही मुले-मुली वॉर्डात जाऊन आजच्या आजारी मुलांच्या आयांसमोर उभी राहतात. आम्हीही असेच होतो, एवढे सांगितले तरी त्या आयांना पुरते. २००६ पासून मुंबईत, आणि पुढे अन्य शहरांतही, गावाहून आलेल्या अशा कुटुंबांना मोफत राहण्याची सोय करणारी केंद्रे निघाली, त्यांचेही नाव संत ज्यूडचेच आहे. दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेने तर हे काम कधीपासून केले आहे. निवारा नसला की उपचार अर्धवट सुटतो, हे परळच्या पदपथावर संसार मांडलेली कुटुंबे पाहिलेल्यास वेगळे सांगावे लागत नाही. जगभराचा हिशेब केला तर श्रीमंत देशांत शेकडा ८० हून अधिक मुले बरी होतात, आणि गरीब देशांतील अनेक ठिकाणी ३० सुद्धा होत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०३० पर्यंत सर्वत्र निदान ६० मुले वाचावीत असा संकल्प तिने २०१८ मध्ये सोडला आहे.

*

मग त्या बाईंनी विचारलेला प्रश्न उरतो. जावयाला सांगावे का?

सेमिनरीत आम्ही विवाहाचा कायदा शिकलो. १९८३ च्या धर्मसंहितेचे १०८४ वे कलम म्हणते की वंध्यत्वामुळे विवाह निषिद्ध होत नाही किंवा रद्दही ठरत नाही. म्हणजे उपचारांमुळे मूल होण्याची शक्यता उणावली, तरी त्या मुलीचा किंवा मुलाचा विवाहाचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही. परंतु त्याच कलमात १०९८ व्या कलमाचा हवाला दिलेला आहे, आणि ते म्हणते की सहजीवनाला गंभीर धक्का लागेल असा एखादा गुणविशेष मुद्दाम लपवून, फसवून संमती मिळवली असेल, तर विवाह अवैध ठरतो. ही दोन्ही कलमे आम्हांला पाठ होती. परीक्षेत त्यांवर गुणही मिळाले होते. त्या संध्याकाळी त्यांतले एकही आठवले नाही, कारण समोर रडणारी आई होती आणि आम्हांला तिचे रडे थांबवायचे होते.

अर्थात आमच्या त्या मुलीने कोणालाच फसवले नव्हते. जी गोष्ट आपल्याला माहीत नाही ती कोणी लपवू शकत नाही. फसवली गेली असेल तर तीच.

लोक का लपवतात हे आम्ही जाणतो. 'कॅन्सरची पोर' म्हटली की स्थळे येईनाशी होतात. तिच्या धाकट्या बहिणीचीही अडतात. हा रोग लागट नाही, आणि बालपणीचे बहुसंख्य कर्करोग आनुवंशिकही नाहीत. पण लग्न जुळवणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? येथे फ्रान्सच्या एका कायद्याची आम्हांला आठवण होते. २०१६ मध्ये त्या देशाने 'विसरले जाण्याचा हक्क' कायद्यात आणला. ठरावीक वर्षे उलटल्यावर कर्जाच्या विम्यासाठी जुना कर्करोग सांगण्याचे बंधन राहत नाही. २०२२ पासून उपचार संपल्यावर पाच वर्षांनी हा हक्क मिळतो. बेल्जियम, नेदरलँड्स, पोर्तुगाल, स्पेन, इटली यांनीही पुढे-मागे असे कायदे केले. बँकेने विसरावे, गावाने विसरावे, स्थळ घेऊन येणाऱ्यानेही विसरावे. पण त्या माणसाने स्वतः, त्याच्या जोडीदाराने आणि त्याच्या डॉक्टराने विसरून चालत नाही. आमच्याकडे नेमके उलटे घडते. कुजबुज करणाऱ्या गावाला सारे आठवत असते आणि जिच्या शरीरात ते घडले तिला काहीच माहीत नसते.

आपल्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही पाहिली आहे का? प्रत्येक नावापुढे समास सोडलेला असतो. त्या बालकाला पुढे दृढीकरण मिळाले, त्याचा विवाह झाला, तो धर्मगुरू झाला, तर ज्या गावी त्याचा बाप्तिस्मा झाला तेथे कळवावे लागते आणि त्या समासात नोंद होते. माणूस ऑस्ट्रेलियात राहत असला तरी त्याच्या पहिल्या पानावर त्याचे पुढचे आयुष्य उमटत राहते. कचेरीतले हे काम आम्हांला पूर्वी कंटाळवाणे वाटत असे. आता वाटत नाही. उपचार संपलेल्या प्रत्येक मुलाजवळ असा एक कागद असावा, असे आज तज्ज्ञ म्हणतात: रोग कोणता, औषधे कोणती, एकूण मात्रा किती, किरण कोठे पडले, आणि पुढे कोणत्या वयात कोणती तपासणी. एकच पान पुरते.

बाळ चार महिन्यांचे झाल्यावर ती मुलगी आमच्याकडे आली. आम्ही तिच्या आईला काय सांगितले होते ते आम्ही तिला सांगितले आणि क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, मला राग आईचा नाही आला. मी शाळेत सारखी नापास व्हायचे, मला वाटायचं मी ढ आहे. कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

पुढच्या आठवड्यात ती आईला घेऊन त्या जुन्या इस्पितळात गेली. नोंदींच्या खिडकीवरच्या माणसाने केस नंबर मागितला. कागद तर एकही उरला नव्हता. मुलगी सांगू लागली की वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, फाइल हरवली आहे. तेवढ्यात आई पुढे झाली आणि तिने नंबर सांगितला. तीन वर्षे, प्रत्येक खिडकीवर, रक्तासाठी, औषधासाठी, एक्स-रेसाठी तिने तो सांगितला होता. एकही आकडा चुकला नाही. खिडकीवरच्या माणसाने तो लिहून घेतला आणि गुरुवारी या म्हणाला.